लॅमिंग्टन रोडला जुना थिंकपॅड लॅपटॉप विकला, त्याचा अनुभव

आधी जुने लॅपटॉप घेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीकडे फॉर्म भरला होता. स्क्रीनवर साडेतेरा हजार दिसले. घरी आलेल्या मुलाने झाकणावरचे ओरखडे दाखवले आणि तो थेट आठवर उतरला. चहा पाजला आणि वाटेला लावला. मग सरळ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं दुकान, जिन्यात प्रिंटरचे सांगाडे रचलेले.

माझा थिंकपॅड टी ४८० मॉडेलचा, २०१८ चा, आय-५, १६ जीबी रॅम. ओरखड्यांकडे दुकानदाराने ढुंकूनही पाहिलं नाही. पहिलं काम म्हणजे बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड आहे का ते बघणं. ऑफिसांतून निघालेल्या मशीनवर तो राहून जातो आणि मग गिऱ्हाईक मिळत नाही. त्यानंतर प्रोसेसर कुठल्या पिढीचा ते. "आठवी जनरेशन आहे मॅडम, म्हणून बोलतोय. टी ४७० असता तर निम्म्यावर आलो असतो." दिसायला दोन्ही जुळी भावंडं. पण टी ४७० च्या सातव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. आपण किती जपून वापरला याला इथे शून्य किंमत.

मग त्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' टाइप करून बॅटरीचा रिपोर्ट काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. टी ४८० ला दोन बॅटऱ्या असतात. आतलीची क्षमता मूळ २४ वॉट-अवर, ती १९ वर आली होती; बाहेरची तेवढ्याच मापाची, पण पार ९ वर. "बाहेरची बदलायला स्क्रूसुद्धा खोलावा लागत नाही, दीड हजारच कापतो." मला हे फार आवडलं. कापले, पण कशाचे ते सांगून कापले. शेवटी पांढरी स्क्रीन लावून डाग बघितले, एकेक की दाबली आणि अकरा हजारांवर सौदा ठरला. पैसे तिथल्या तिथे यूपीआयने.

पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. मागाच, आणि तिच्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. डेटा आपला आपण घरूनच पुसून न्यावा, तिथे नुसतं फॉरमॅट मारतात. ओरिजिनल चार्जर विसरलात तर पाचशे गेले. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.