1 टक्क्याची देखरेख आणि आमची फसवणूक

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि मुलांना 'घरून शिका' प्रकारच्या चार्टर शाळेत घालायचा विचार करणाऱ्या पालकांसाठी हे लिहितेय. अशा एका शाळेने आमच्या मुलाचं नववीचं वर्ष बरंचसं वाया घालवलं आणि वर माझ्या नावाने खोटी सही केली. शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. तसंही ही मंडळी एक पाटी उतरवून दुसरी लावतात. त्यामुळे नावापेक्षा त्यांची रीत कळली तर तुम्हाला जास्त उपयोग होईल.

आधी थोडं चार्टरबद्दल, कारण भारतातून नव्याने आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडची खासगी अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणा: संस्था खासगी, पैसा सरकारचा. चार्टर शाळेचंही साधारण तसंच. फी नाही, राज्याचा पैसा, चालवणारी बहुतेक वेळा ना-नफा संस्था आणि तिचं स्वतःचं बोर्ड. अमेरिकेत असा पहिला कायदा मिनेसोटाने 1991 मध्ये केला, कॅलिफोर्नियाने 1992 मध्ये. फरक आहे तो पुढे. अनुदानित शाळेवर जसा शिक्षणाधिकारी असतो, तसा इथे चार्टर, म्हणजे शाळा चालवायचा ठराविक मुदतीचा परवाना, देणारा स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. पण कुठल्या डिस्ट्रिक्टच्या दारात अर्ज टाकायचा हे शाळा काढणाराच ठरवतो. आपला शिक्षणाधिकारी आपणच निवडायची मुभा संस्थाचालकाला मिळाली तर काय होईल, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आमच्या गावच्या गणेशोत्सवात या शाळेचा स्टॉल होता. मुलगा स्पर्धेचं पोहणं करतो, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा सराव, त्यामुळे वेळेची सवलत देणारी शाळा हवीच होती. स्टॉलवरच्या ताई अस्सल मराठी. त्या म्हणाल्या, "अहो, डिस्ट्रिक्टने मान्यता दिलेली पब्लिक स्कूल आहे, खासगी नाही काही!" वर आमिष असं की, वर्षाला अडीच-तीन हजार डॉलर क्लासच्या फीसाठी मिळतील, फक्त क्लास शाळेच्या व्हेंडर यादीतला, म्हणजे शाळेने मान्य केलेला हवा. ही रक्कम देणं बेकायदा नाही. अशा अनेक शाळा ती देतात आणि काही चांगल्या चालतातही, हे आधीच सांगते. पण नंतर लक्षात आलं की स्टॉलवर बोलणं सगळं पैशांचं झालं होतं आणि शिकवणार कोण, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

शिकवणं म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा झूमवर शिक्षिका भेटायच्या, "कसं चाललंय?" विचारायच्या, दोन-तीन वह्यांचे फोटो मागायच्या आणि हजेरीचा तक्ता सहीला पाठवायच्या. या हजेरीतच सगळी मेख आहे. कॅलिफोर्नियात शाळेला पैसे मिळतात ते सरासरी दैनंदिन हजेरीवर. वर्गात बसणाऱ्या मुलाची हजेरी डोळ्यांना दिसते. घरून शिकणाऱ्या मुलाची हजेरी म्हणजे त्याने केलेलं काम: ते किती दिवसांचं आहे हे शिक्षिका ठरवणार, पालक सही करणार आणि राज्य पैसे देणार. त्या तक्त्यावरच्या प्रत्येक खुणेला डॉलरची किंमत आहे.

नाताळच्या सुट्टीला जोडून आम्ही जानेवारीत पुण्याला जास्त राहिलो. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. शाळेला तसं ईमेलने कळवलं होतं. परत आलो तर जानेवारीचा तक्ता सहीला आलेला, एकही चौकट रिकामी नाही. ज्या आठवड्यात मुलगा दवाखान्याच्या बाकावर बसून होता त्याही दिवसांवर खुणा. मी सही केली नाही, तसं लिहूनही पाठवलं. शिक्षिकेचं उत्तर आलं, "तिकडे काहीतरी वाचलं असेलच ना त्याने?" पुढे मार्चमध्ये त्याची फाइल मागवली तर जानेवारीच्या तक्त्यावर माझी सही हजर! टाइप केलेली, तिरक्या अक्षरांत, आणि माझ्या आडनावातला एक 'एच' गाळलेला. मी माझं आडनाव वीस वर्षं बरोबर लिहितेय.

हा प्रकार एखाद्या शिक्षिकेचा आगाऊपणा म्हणून सोडून देता आला असता. तेव्हाच जरा शोधाशोध केली आणि ए3 एज्युकेशनचं प्रकरण वाचलं. सॅन डिएगो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सरकारी वकिलांनी 2019 च्या मे महिन्यात 11 जणांवर आरोप ठेवले होते. 19 ऑनलाइन चार्टर शाळांचं जाळं, राज्याकडून उचललेले सुमारे 40 कोटी डॉलर. मुलांच्या खेळांच्या संघांना आणि उन्हाळी शिबिरांना पैसे देऊन मुलांची माहिती घ्यायची, ती मुलं कागदावर दाखल करायची आणि हजेरी लावायची. पुष्कळ मुलांना आपण कुठल्या चार्टर शाळेत आहोत याचा पत्ताच नव्हता. दोन मुख्य आरोपींनी 2021 मध्ये गुन्हा कबूल केला. माझं लक्ष गेलं ते आरोपींच्या यादीतल्या एका नावाकडे: चार्टर देणाऱ्या एका चिमुकल्या डिस्ट्रिक्टची सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथली मुख्य अधिकारी. जिने लक्ष ठेवायचं, तीच आरोपींत.

आता आमच्या शाळेचा डिस्ट्रिक्ट. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, आणि चार्टर देणारा डिस्ट्रिक्ट शेजारच्या काउंटीत, डोंगराकडच्या एका गावात. घरून शिकवणाऱ्या शाळेला आपल्या काउंटीतली आणि तिला लागून असलेल्या काउंट्यांतली मुलं घेता येतात, म्हणून हे जमतं. त्या डिस्ट्रिक्टची स्वतःची शाळा एकच, आणि त्याने चार्टर दिलेल्या शाळेत मुलं त्याच्या कितीतरी पट. तिथल्या कोणालाही आमच्या मुलाचं काही पडलेलं असायचं कारणच नव्हतं. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला निवडून देणाऱ्यांची मुलं त्या चार्टर शाळेत नव्हती, आणि आम्हाला तिथे मत नव्हतं.

मग ते हे लचांड गळ्यात का घेतात? देखरेखीच्या खर्चापोटी डिस्ट्रिक्ट शाळेच्या उत्पन्नाच्या 1 टक्क्यापर्यंत फी घेऊ शकतो, आणि जागा जवळजवळ फुकट दिली असेल तर 3 टक्क्यांपर्यंत. 1 टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण शाळेला वर्षाला 2 कोटी डॉलर येत असतील तर तो 2 लाख होतो, आणि शे-दीडशे मुलांच्या डिस्ट्रिक्टला 2 लाखांत पुष्कळ काही भागवता येतं. चार्टर रद्द केलं तर हे पैसेही गेले. म्हणजे ज्याने कान पकडायचा त्याचाच हात अडकलेला. राज्याच्या ऑडिटरने 2017 मध्ये ॲक्टन-आग्वा डल्से, ॲन्टिलोप व्हॅली आणि न्यू जेरुसलेम या तीन डिस्ट्रिक्टची तपासणी केली होती. आपल्या हद्दीबाहेर चालणाऱ्या चार्टर शाळांना मान्यता देण्यात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात कसा ढिसाळपणा झाला, हे त्या अहवालात तपशीलवार आहे. इंग्रजी सरकारी आहे, पण चिकाटीने वाचा.

मी डिस्ट्रिक्टला फोन केला. फोन उचलणाऱ्या बाईच चार्टरचं काम बघतात, त्याच पगाराचं आणि त्याच बसचंही. स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या बोर्डाशी बोला." मी विचारलं, "या वर्षी तुमच्यापैकी कोणी शाळेत जाऊन आलं का?" तर म्हणाल्या की शाळेची इमारतच नाही, कुठे जाणार? ऑफिसात जाऊन आले होते. खोटं नव्हतं ते. कायदा डिस्ट्रिक्टकडून मागतो तरी किती: संपर्कासाठी एक माणूस नेमा, वर्षातून निदान एकदा भेट द्या, ठरलेले अहवाल वेळेवर येतात का बघा, आर्थिक स्थितीवर नजर ठेवा, चार्टरची मुदत वाढवली, ते रद्द केलं किंवा शाळा बंद पडली तर राज्याला कळवा. हजेरीचे तक्ते उघडून पालकांना फोन करा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. करणारे करतात. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टमध्ये चार्टर शाळांसाठी वेगळा विभाग आहे. दरवर्षीच्या भेटीनंतर कारभार, मुलांची प्रगती, व्यवस्थापन आणि पैसा या चार बाबींवर शाळेला 1 ते 4 गुण देतात आणि अहवाल सगळ्यांना वाचता येतो. शिवाय गैरव्यवहार तपासायला डिस्ट्रिक्टचा स्वतःचा इन्स्पेक्टर जनरल आहे. तरीसुद्धा तिथे सेलेरिटी नावाच्या चार्टर संस्थेच्या प्रमुख बाईंनी शाळांचे 32 लाख डॉलर वळवलेच. त्यांना 30 महिन्यांची कैद झाली. एवढा फौजफाटा असून ही गत, मग पगार, बस आणि चार्टर एकाच टेबलावर असलेल्या ठिकाणी काय होणार!

डिस्ट्रिक्टने सांगितलं म्हणून शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगलाही बसले. 2020 पासून चार्टर शाळांनाही खुल्या बैठकांचा आणि माहिती मागण्याचा कायदा स्पष्टपणे लागू आहे, त्यामुळे कोणी अडवू शकत नाही. तिथे एक गोष्ट कळली. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला चार्टर शाळा चालवायला कॅलिफोर्नियात 2019 पासून बंदी आहे. इथे शाळा ना-नफा होती, पण 'सेवा' पुरवणारी कंपनी वेगळी, आणि तिला जाणारी रक्कम शिक्षकांच्या पगाराच्या खालोखाल मोठी. त्या ओळीबद्दल बोर्डातल्या कोणी चकार शब्द काढला नाही.

खरा दणका बसला तो दहावीला मुलाला घराजवळच्या हायस्कूलमध्ये घालताना. तिथल्या काउन्सेलर बाईंनी ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचं पत्रक) समोर ठेवलं आणि बायॉलॉजीवर पेन टेकवलं. हा विषय 'ए-जी' यादीत नाही. इथल्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशासाठी जे विषय चालतात त्यांची ही यादी, आणि ती शाळेप्रमाणे असते. त्याच नावाचा विषय एका शाळेचा चालतो, दुसऱ्या शाळेचा नाही. आमच्या शाळेच्या पत्रकात सगळे विषय ए-जीला धरून आहेत असं ठळक छापलं होतं. यादीत मात्र त्यातले निम्मे नव्हते. हायस्कूल असलेल्या चार्टर शाळेने विषय दुसऱ्या शाळेत आणि कॉलेजात धरले जातील की नाही हे पालकांना कसं कळवणार, ते चार्टरच्या अर्जातच लिहून द्यावं लागतं. आमच्या शाळेच्या अर्जात ते छान लिहिलेलं आहे. मी नंतर मागवून वाचलं. डिस्ट्रिक्टने तो अर्ज मंजूर केला आणि नंतर ते होतंय का हे बघितलं नाही.

पैशांचंही ऐका. मुलाला गणित शिकवणाऱ्या काकू शाळेच्या व्हेंडर होत्या. त्यांची बिलं हिवाळ्यापासून तुंबली. 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर. बिचाऱ्यांनी क्लास थांबवला नाही. शेवटी आम्ही खिशातून दिले.

तेव्हा नाव घालण्याआधी शाळेला आधी विचारा की चार्टर कोणत्या डिस्ट्रिक्टचं आणि किती सालापर्यंतचं. मग त्या डिस्ट्रिक्टची स्वतःची मुलं किती ते बघा. चार्टर मुलं कैक पटींनी जास्त असतील तर तिथेच थबका. डिस्ट्रिक्टकडे मागच्या वर्षीच्या भेटीचा अहवाल लेखी मागा. अशा मागणीला 10 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच. शाळेचं स्वतंत्र ऑडिट दरवर्षी 15 डिसेंबरपर्यंत डिस्ट्रिक्ट, काउंटी आणि राज्याकडे जातं. ते मागवून कुठल्या कंपनीला किती जातात तेवढं बघा, बाकी नाही कळलं तरी चालेल. हायस्कूल असेल तर ए-जी यादी विद्यापीठाच्या साइटवर शाळेचं नाव टाकून स्वतः तपासा, शाळेने पाठवलेली पीडीएफ धरू नका. आणि हजेरीच्या प्रत्येक तक्त्याची प्रत मागा. गैरव्यवहाराचा संशय असेल तर डिस्ट्रिक्टपाशी थांबू नका. काउंटी सुपरिंटेंडंटला चार्टर शाळेची तपासणी करण्याचा अधिकार आहे. आमची तक्रार सध्या तिथे आहे, गाळलेल्या 'एच'सकट.

दर सेमिस्टरला ट्रान्सक्रिप्टची सीलबंद प्रत आणि कामाचे नमुने घरी ठेवा. ओहायोतली ईकॉट ही ऑनलाइन चार्टर शाळा 2018 च्या जानेवारीत, ऐन वर्षात बंद पडली तेव्हा सुमारे 12 हजार मुलं दुसरी शाळा शोधत फिरली. आमच्या मुलाचं इंग्रजी आणि गणित नव्या शाळेने धरलं, कारण सगळे निबंध आणि पेपर आमच्याकडे खोक्यात होते. बायॉलॉजी त्याने उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात पुन्हा केली.