फोनोग्राफचे सुटे भाग: दुरुस्तीकाराकडून, लिलावातून की खाजगी विक्रेत्याकडून?

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र, शोधला आणि १९२९ साली त्याच्या कंपनीने या यंत्रांचे उत्पादन थांबवले. त्यामुळे ‘कंपनीचा मूळ, कोरा भाग’ अशी जाहिरात दिसली, तर तो भाग क्वचितच सापडणाऱ्या जुन्या साठ्यातला असतो, नाहीतर अलीकडे घडवलेली नक्कल असते. नक्कल असणे ही फसवणूक नव्हे. चांगली नक्कल अनेकदा जुन्या भागापेक्षा अधिक टिकाऊ ठरते. नक्कल जुनी म्हणून जुन्याच्या भावात विकली जाते, तेव्हा फसवणूक होते. म्हणूनच कोणाकडून घ्यावे हे ठरवण्याआधी आपल्याला हवा असलेला भाग मापाने पारखता येतो की त्याची किंमत त्याच्या जुनेपणात आहे, हे पाहिले पाहिजे.

चावी दिल्यावर यंत्र फिरवणारी मुख्य स्प्रिंग, वेग एकसारखा राखणाऱ्या गव्हर्नरच्या पातळ स्प्रिंगा, साऊंडबॉक्समधले (सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या डबीतले) रबरी गास्केट म्हणजे पडद्याची कड धरणारी कडी, अभ्रकाचा पडदा आणि चामडी पट्टा हे पहिल्या प्रकारचे भाग होत. येथे सुटे भाग बनवणारा किंवा साठवणारा जाणकार दुरुस्तीकार लिलावापेक्षा निःसंशय सरस ठरतो. मुख्य स्प्रिंगची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाच्या भोकाचा किंवा आकड्याचा आकार या चार गोष्टी तो स्वतःहून विचारतो, तर लिलावातला विक्रेता बहुधा ‘सर्व जुन्या यंत्रांना चालते’ एवढेच लिहितो, आणि हे वाक्य दिसताच पुढे वाचण्याची गरज नसते. थकलेली स्प्रिंग घासूनपुसून नवी म्हणून विकली जाते. मात्र ती ज्यात गुंडाळून बसवलेली असते त्या डब्यातून सुटल्यावर नवी स्प्रिंग मोठ्या घेरात उघडते आणि थकलेली जवळजवळ गुंडाळलेलीच राहते, त्यामुळे मोकळ्या स्प्रिंगचे छायाचित्र मागणे उपयोगी पडते. केवळ छायाचित्रासाठी मात्र कोणालाही डबा उघडायला लावू नये, कारण अडकलेली स्प्रिंग उसळून हाताला गंभीर इजा करू शकते. अभ्रकाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची चकती दिली असल्याची शंका आली, तर तिची कड पाहावी. अभ्रकाचे थर तेथे दिसतात.

रिप्रोड्यूसर (सिलिंडर, म्हणजे नळकांड्याच्या आकाराची ध्वनिमुद्रिका, वाजवताना साऊंडबॉक्सचेच काम करणारा भाग) आणि साऊंडबॉक्स यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची किंमत जुनेपणात आहे, दुरुस्तीकाराकडे ते नेहमी असतातच असे नाही, आणि लिलाव किंवा खाजगी विक्रेता टाळणे अवघड जाते. येथे विक्रेत्याचे ज्ञान हीच पहिली कसोटी मानावी. एडिसनच्या दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० खोबणी असतात, तर १९०८ पासून आलेल्या चार मिनिटांच्या सिलिंडरवर २००. ‘सी’ हा रिप्रोड्यूसर पहिल्यांसाठी, ‘एच’ दुसऱ्यांसाठी आणि ‘के’ दोन्हींसाठी आहे. हिऱ्याच्या टोकाचा ‘डायमंड बी’ १९१२ च्या सेल्युलॉइडच्या ‘ब्ल्यू अँबेरोल’ सिलिंडरसाठी असून तो मेणाच्या सिलिंडरवर ठेवल्यास खोबणी कायमची बिघडते. विक्रेता ‘कोणतेही सिलिंडर वाजेल’ म्हणत असेल, तर तो खोटे बोलत असो वा अजाण असो, आपल्या दृष्टीने परिणाम एकच. नीलमणी किंवा हिऱ्याच्या टोकाचा टवका साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्राचा आग्रह धरावा.

व्हिक्टर कंपनीच्या ‘एक्झिबिशन’ साऊंडबॉक्सच्या नकला विपुल आहेत. फिलिप्स प्रकारचे, म्हणजे अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे १९१० च्या म्हणवल्या जाणाऱ्या भागावर ते दिसले तर निदान स्क्रू तरी नंतरचे आहेत. १९२५ नंतरच्या अनेक साऊंडबॉक्समध्ये पॉट मेटल हा जस्ताचा ओतीव मिश्रधातू वापरला गेला. तो काळाच्या ओघात फुगतो आणि तडकतो. वरून दिलेला मुलामा ते झाकतो, म्हणून मागच्या बाजूचे व स्क्रूच्या भोकांभोवतीचे छायाचित्र समोरच्या बाजूपेक्षा महत्त्वाचे.

अशा भागासाठी लिलाव-संकेतस्थळ आणि खाजगी विक्रेता यांत निवड करायची झाल्यास माझे मत लिलावाकडे झुकते, पण एवढ्याच कारणाने की तेथे पैसे परत मागण्याची व्यवस्था असते. ‘शुल्क वाचवू’ म्हणून व्यवहार संकेतस्थळाबाहेर नेणारा किंवा ओळखीच्या माणसाला पाठवावे तसे थेट पैसे मागणारा विक्रेता नेमके तेच संरक्षण काढून घेत असतो. खाजगी विक्रेता स्वस्त असतो आणि कधीकधी खरोखर जाणकारही, मात्र त्याची छायाचित्रे दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेली असू शकतात. छायाचित्रावरून शोध घेतल्यास हे पुष्कळदा उघड होते. तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवलेले छायाचित्र आता सहज बनवता येते. त्यापेक्षा थेट व्हिडिओ कॉलवर भाग उलटा करून दाखवायला सांगावे.

दुरुस्तीकारही पूर्णपणे निर्धोक नाही. रिप्रोड्यूसर दुरुस्तीला पाठवला आणि दुसराच परत आला, ही अदलाबदल सिद्ध करणे सर्वांत कठीण असते. पाठवण्यापूर्वी क्रमांक असल्यास तो, ओरखडे व मुलाम्याची झीज यांची छायाचित्रे काढून ती दुरुस्तीकाराला आधीच पाठवावीत आणि बदललेले जुने गास्केट व पडदा परत मागावेत.

एकाच यंत्राचे तीन-चार भाग हवे असतील, तर त्याच नमुन्याचे नादुरुस्त यंत्र सुट्या भागांसाठी विकत घेणे हा चौथा मार्ग सुट्या खरेदीपेक्षा परवडू शकतो. तेथे मात्र वेगवेगळ्या यंत्रांचे अवशेष जोडून ‘संपूर्ण मूळ’ म्हणून विकलेली संकरित यंत्रे फार आढळतात. बाहेरच्या पेटीची आणि कर्ण्याची चमक पाहून भुलू नये. मोटरपट्टी, म्हणजे मोटर जिच्यावर बसवलेली असते ती पट्टी, उचलून खालची बाजू दाखवायला सांगावी आणि पेटीत नव्याने पाडलेली किंवा बुजवलेली भोके दिसली, तर ते यंत्र मूळ भागांचा साठा म्हणून घेऊ नये.