टिकीला जाळ, तेल की वॉर्निश?

टिकी, म्हणजे पॉलिनेशियन धाटणीची लाकडी मूर्ती, कोरून झाली की हात आधी वॉर्निशच्या डब्याकडे जातो. तिथेच थांबा आणि ओंडका हातात घेऊन बघा. फ्लोरिडात टिकी बहुधा पामच्या ओल्या खोडात कोरतात, कारण ओलं खोड पटाशीला सहज कापतं. असा ओंडका जड आणि गार लागत असेल, तर त्यावर चकचकीत थर देऊ नका. आतलं पाणी अडकतं, बुरशी धरते आणि थराला पापुद्रे सुटतात. आधी सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळू द्या.

मला स्वतःला जाळणं सगळ्यात आवडतं. पाम म्हणजे माडाचाच गोतावळा. कोकणात माडाचं खोड फोडलेल्यांना ठाऊक आहे, की बाहेरचा भाग टणक आणि रेषारेषांचा असतो, आतला भुसभुशीत. गॅसच्या टॉर्चचा जाळ फिरवला की मऊ भाग आधी करपतो. मग तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं की काजळी निघते आणि टणक रेषा उठून दिसतात. खोल खाचा काळ्या राहतात, कपाळ आणि नाक उजळतं. एवढी खोली रंगाच्या डब्यातून येत नाही. एकाच जागी जाळ धरला तर मात्र दात, ओठ असे बारीक भाग जळून जातात.

स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, सोपा आहे: खाचांत भरायचा, उंचवट्यांवरून लगेच पुसायचा. पण पाम तो सगळीकडे सारखा पीत नाही, टोकांना गडद डाग पडतात. आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा.

तेल की वॉर्निश? घरात ठेवायची असेल तर बिनधास्त तेल. उकळलेलं जवसाचं तेल स्वस्त पडतं, पण ते दमट हवेत बाहेर ठेवलेल्या लाकडावर काळी बुरशी ओढवून घेतं. तिथे टंग ऑइल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं तेल, बरं. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

उन्हापावसात उभी राहणार असेल तर स्पार वॉर्निश घ्या. ते जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी निघालं, त्यामुळे लाकूड फुगलं-आकसलं तरी लवकर तडकत नाही. पण दर एक-दोन वर्षांनी घासून नवा हात द्यावाच लागतो. लाखेचं पॉलिश घरात सुंदर दिसतं, पाण्याने मात्र पांढरं पडतं.

भडक रंगांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते कमीच असावेत. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी कारागीर पूर्वी गेरूसारखी लाल माती शार्कच्या तेलात कालवून लावत, तिला कोकोवाई म्हणतात. तसा एखादा मातकट लाल हात डोळ्यांना आणि दातांच्या कडांना पुरतो.

काहीही लावा, पण तळाला दोन हात जास्त द्या. तिथल्या उघड्या तोंडातूनच खोड पाणी ओढतं. टिकी मातीत रोवू नका, फरशीच्या तुकड्यावर उभी करा.