स्पीड ट्रेनिंग स्टिक: उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

गोल्फचा स्विंग वेगवान करायचा तीन स्टिकचा हा सेट मी मे महिन्यात घेतला, आता डिसेंबर संपत आलाय. थोडक्यात विचाराल तर वेग वाढतो, खरंच वाढतो. पण तो चेंडूपर्यंत पोचायचा असेल तर डाउनस्विंगची, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) वरून खाली आणण्याची, सुरुवात पायांपासून व्हावी लागते, आणि ती खोक्यात मिळत नाही. माझं वय एकोणपन्नास, हँडिकॅप १८ (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला), बैठी नोकरी, आणि खेळणं बहुतेक येरवड्याच्या कोर्सवर. पुढचे आकडे वाचताना एवढं ध्यानात असू द्या. पंचविशीतल्या पोराचं गणित वेगळं येईल.

वस्तू अगदी साधी. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, लांबीच्या तीन दांड्या, टोकाला वजन. एक ड्रायव्हरपेक्षा साधारण २० टक्के हलकी, दुसरी १० टक्के हलकी, तिसरी ५ टक्के जड. चेंडू मारायचाच नाही, एक दिवसाआड नुसती हवेत फिरवायची, उजवीकडून आणि डावीकडूनही. कल्पना अशी की हलकी दांडी शरीराला सवयीपेक्षा जास्त वेगानं फिरायला लावते आणि त्यातला थोडा वेग ड्रायव्हर हातात घेतल्यावरही टिकतो. सोबत अ‍ॅप येतं. त्याबद्दल पुढे.

आता आकडे. सुरुवातीला माझा ड्रायव्हरचा क्लबहेड (टोकाचा) वेग ताशी ८७ मैलांच्या आसपास होता. जुलै संपेपर्यंत वेग मोजणारं छोटं रडार ९३ दाखवायला लागलं. एका मैलामागे साधारण अडीच यार्ड मिळतात असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे पंधरा यार्ड वाढायला हवे होते. फेअरवेवर (कोर्सवरच्या कापलेल्या गवतावर) वाढले शून्य. कारण रडारच्या दुसऱ्या आकड्यात होतं. चेंडूचा वेग भागिले क्लबहेडचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरला तो जास्तीत जास्त दीडच्या आसपास जातो, चेंडू क्लबच्या फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध बसला तर. माझा १.४४ वरून १.३६ वर घसरला होता. गुणाकार करून बघा: ८७ ला चेंडू १२५ नं सुटत होता आणि ९३ ला १२६ नं. सहा मैलांची कमाई फेसच्या टाचेकडच्या (दांडीजवळच्या) फटक्यांनी खाऊन टाकली होती, वर स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) फुकट. आमच्या कॅडीचं (क्लबांची पिशवी उचलणाऱ्याचं) निरीक्षण जास्त नेमकं होतं: “साहेब, हल्ली बॉल शोधायला पुढं जावं लागतं. पण झाडीत.”

एवढ्यावर थांबलो असतो तर दोन स्टार दिले असते. पुढे जे झालं त्यात सेटचा वाटा आहे, पण ज्यासाठी तो विकला जातो त्यामुळे नाही.

हलकी स्टिक बोलते. जोरात फिरवली की सप्प असा आवाज येतो, आणि तो कुठे येतो ते महत्त्वाचं. माझा यायचा उजव्या खांद्याच्या मागे, म्हणजे दांडी खाली येण्याआधीच सगळा वेग खर्चून मोकळी. वरून आधी हात सुटले, मनगटं लवकर उलगडली की हे होतं, आणि आपल्या क्लबांमधल्या निम्म्या लोकांचं हेच होतं. आवाज चेंडूच्या जागेवर, खरं तर जरा पुढे यायला हवा. पूर्ण डाउनस्विंगला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात कुठलीही सूचना डोक्यातून हातात पोचत नाही, त्यामुळे ‘मनगट धरून ठेव’ वगैरे स्वतःला सांगण्यात अर्थ नाही. कान मात्र लगेच निकाल देतो.

सेटच्या सरावाच्या वेळापत्रकात एक गुडघ्यावर बसून मारायचा स्विंग आहे. गच्चीवर सतरंजीची घडी टाकून दोन्ही गुडघे टेकायचे आणि तीच स्टिक फिरवायची. (सोसायटीतल्या काकूंनी वॉचमनकडे चौकशी केली, तो भाग सोडून देतो.) उभं राहून १०४ दाखवणारी हलकी स्टिक गुडघ्यावर ८० च्या घरात आली. पाय काढून घेतले की किती जातं, ते इतक्या उघडपणे मला कुठल्या व्हिडिओनं दाखवलं नव्हतं.

त्याच्या पुढचा स्विंग पाऊल टाकून मारायचा. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, बॅकस्विंग घ्यायचा (दांडी मागे वर न्यायची), आणि दांडी वर पोचायच्या आधीच डावा पाय लक्ष्याच्या दिशेनं टाकायचा. ‘आधीच’ हा कळीचा मुद्दा. चांगल्या खेळाडूंचा भार डाव्या पायाकडे सरकायला लागतो तेव्हा क्लब अजून मागेच जात असतो. खालचं शरीर पुढे निघालंय आणि वरचं अजून मागे वळतंय, त्या ताणातूनच जोर तयार होतो. गल्लीत टेनिस बॉल क्रिकेट खेळलेल्यांना हे पाऊल पटकन जमतं. मला पाऊल जमलं, आणि सप्पचा आवाज खांद्यामागून पुढे सरकत गुडघ्याच्या पातळीला आला.

पोतराजाचा आसूड आठवा: मूठ पुढे जाऊन थबकते तेव्हाच टोक कडाडतं. डाउनस्विंगचा क्रमही असाच. आधी कंबर वळते, ती मंदावते तशी छाती वेग घेते, मग हात, आणि हातांचा वेग उतरतो तेव्हा क्लबहेड सुटतं. जोर लावायचा म्हणून जो माणूस हात शेवटपर्यंत ओढत राहतो, तो टोकाचा वेग स्वतःच अडवून धरतो. सरावाच्या रेंजवरच्या कोचनं माझ्या बाबतीत एकच वाक्य लावून धरलं: “सर, डाव्या पायानं जमीन दाबा आणि मग उठा.” दाबून वर उठलं की डावा गुडघा सरळ होतो आणि डावा खुबा मागे जाऊन जागा करतो. लांब मारणाऱ्यांच्या टाचा फटक्याच्या वेळी जमिनीवरून सुटलेल्या दिसतात, जस्टिन थॉमसचा स्विंग बघा, त्या यामुळेच.

सप्टेंबरनंतर आकडे जुळले. वेग ९४, स्मॅश १.४५, चेंडू १३६ च्या आसपास. कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) १९० वरून २१० च्या वर गेली. हे पुण्यातले यार्ड, हेही सांगायला हवं. साडेपाचशे मीटर उंचीवर हवा जरा विरळ असते, दोनेक टक्के फरक पडतो. चेंबूरला प्रेसिडेन्सी कोर्सवर खेळायला गेलो की चार-पाच यार्ड मुंबई कापून घेते.

एक सल्ला सेटबाहेरचा. आपल्या वेगाच्या पुरुषांनी पीजीए टूर (पुरुष व्यावसायिकांची अमेरिकेतली स्पर्धामालिका) बघून ड्रायव्हर शिकू नये. तिथला सरासरी वेग ११३ च्या पुढे असतो आणि ते चेंडूवर किंचित खाली येत मारतात, तरी २७५ कॅरी काढतात. महिलांच्या एलपीजीए टूरची सरासरी ९४ च्या आसपास. त्या साधारण तीन अंश वर जात मारतात आणि २२० कॅरी काढतात. माझा वेग तोच, म्हणून टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच केली आणि चेंडू डाव्या टाचेच्या आत घेतला. तेवढ्यानंही काही यार्ड हाती लागले, फुकटात. बाकी, अंतर म्हणजे सगळं नव्हे हे भारताच्या अदिती अशोकनं टोक्यो ऑलिंपिकमध्ये दाखवलंच आहे. मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी एक, आणि आली चौथी. माझा हँडिकॅप अजून १७ आहे. पटिंगला (चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्याला) स्टिक नसते.

तक्रारी. जड स्टिकची ग्रिप पावसाळ्यात सैल होऊन हातात फिरायला लागली. विक्रेत्यानं मेलला उत्तर दिलं, ग्रिप काही दिली नाही. शेवटी टेप लावून नवी बसवून घेतली. अ‍ॅप पहिल्या टप्प्यानंतर पैसे मागतं, आणि मोबदल्यात जे देतं ते वहीत लिहिता येतं. कंटाळाही येतो, नाकारण्यात अर्थ नाही. चेंडूच नाही, तर मजा कसली?

कंबरेचं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नका. शरीर गरम न करता पूर्ण वेगानं फिरवलं तर हमखास काहीतरी ताणलं जातं. डाव्या बाजूचे स्विंग विचित्र वाटतात म्हणून टाळले जातात, पण माझी पाठ शाबूत राहिली ती बहुधा त्यांच्यामुळे.

पैसे मोजकेच असतील तर आधी छोटं रडार घ्या. क्लबचा आणि चेंडूचा, दोन्ही वेग दाखवणारंच घ्या, नुसता स्विंगचा वेग दाखवणारं फसवतं. हलक्या स्टिकचं काम ड्रायव्हर उलटा धरूनही बरंचसं होतं, तोही सप्प वाजतो. तरी सेट हवाच असेल तर बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशेब करा, आणि ग्रिपचे पैसे वेगळे काढून ठेवा.