दुर्गाबाई खोटे यांच्यावरील दृक्-श्राव्य कार्यक्रम : आमच्या वाचक मंडळाचा अनुभव

नौपाड्यातील आमच्या वाचक मंडळाने यंदा मे महिन्यातील वार्षिक मेळाव्यासाठी अभिनेत्री दुर्गाबाई खोटे यांच्या आयुष्यावरील एक दृक्-श्राव्य कार्यक्रम बोलावला होता. मंडळे, ग्रंथालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्याकडे असे कार्यक्रम घेऊन जाणारे लहान लहान संच ठाण्यात आणि नवी मुंबईत आता बरेच आहेत, पण मानधनाच्या बदल्यात नेमके काय मिळते, कोणती तयारी आपल्याला करावी लागते आणि आधी काय विचारून घ्यावे, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मंडळाची चिटणीस या नात्याने ठरवण्यापासून निरोपापर्यंत सगळे मी पाहिले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. संचाचे नाव देत नाही, कारण उणिवाही सांगायच्या आहेत आणि त्या त्यांना समक्ष सांगून झाल्या आहेत.

संच तिघांचा आहे : एक निवेदिका, एक अभिवाचक आणि ध्वनी व पडदा सांभाळणारा एक तरुण. दोन तासांचे मानधन नऊ हजार रुपये ठरले. प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनिवर्धक त्यांचेच होते. आम्हाला फक्त सभागृह, चहा आणि दोन टेबले द्यायची होती. साडेपाचच्या कार्यक्रमासाठी ते चारलाच येऊन पोहोचले. पडदा बांधून झाल्यावर त्या तरुणाने शेवटच्या रांगेतील प्रत्येक खुर्चीवर बसून पडदा दिसतो का ते पाहिले आणि खांबाआड येणाऱ्या चार खुर्च्या आमच्याकडून हलवून घेतल्या. आमच्या सभासदांपैकी निम्म्याहून अधिक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे ही काळजी मला फार मोलाची वाटली.

कार्यक्रमाची सुरुवात जन्मतारखेने होत नाही, हे मला आवडले. निवेदिका थेट १९३१ सालात शिरते. सॉलिसिटर पांडुरंग लाड यांची मुलगी, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, खोटे यांच्या नावाजलेल्या घराण्यात दिलेली. आणि सव्विसाव्या वर्षी पतीच्या पश्चात पदरात दोन मुलगे. शिकवण्या करून संसार भागेना, म्हणून मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम स्वीकारले. चित्रपट पडला आणि घराण्याच्या नावाचा जाहिरातीत वापर झाल्यामुळे समाजाचे बोल ऐकावे लागले ते निराळेच. निवेदिकेने हा भाग अतिशय संयमाने सांगितला. पार्श्वसंगीत नाही, गहिवर नाही; घर चालवण्यासाठी एका तरुण स्त्रीने पत्करलेले काम, इतकेच. आपल्याकडे कलावंतांच्या चरित्रांत दैवयोगाला फार मोठी जागा मिळते. येथे पैशाची अडचण सरळ पैशाची अडचण म्हणून सांगितली, आणि त्यामुळेच पुढची पन्नास वर्षे नीट समजली.

त्यानंतर आला तो संध्याकाळचा सर्वांत मोठा ठेवा. व्ही. शांताराम यांनी कोल्हापुरात प्रभात कंपनीसाठी केलेला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली पडद्यावर आला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती होत्या. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नटाला चित्रीकरण चालू असतानाच स्वतः गावे लागे आणि तोच आवाज ध्वनिमुद्रित होई. त्या काळातील ध्वनिमुद्रणाला खरखर असतेच. आवाज लावण्यापूर्वी तो तरुण माईकपाशी आला आणि म्हणाला, “चार मिनिटे पंखे बंद केले तर चालतील का?” मे महिना, ठाण्याचा दमट उकाडा, सभागृहात शंभर माणसे, तरीही कोणी नाही म्हटले नाही. आठही पंखे हळूहळू थांबले. पात्यांची घरघर जाता जाता मागून तारामतीचा आवाज स्पष्ट होत गेला : कोवळा, थोडा बुजरा, पण प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारणारा. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी हातातील घडीपत्रिकेने वारा घेणेही थांबवले, कारण कागदाचा आवाज होत होता. ध्वनीची जाण असलेला माणूस संचात असला की काय फरक पडतो, हे त्या चार मिनिटांत कळले. नऊ हजारांतील निम्मे तेथेच वसूल झाले, असे मी आमच्या कार्यकारिणीत सांगितले आणि ते मत आजही कायम आहे.

चित्रपटांचा पुढचा भाग भरगच्च आहे आणि त्याची जुळणी विचारपूर्वक केलेली आहे. कलावंताने एकाच कंपनीचे पगारी नोकर म्हणून राहायचे, असा तो काळ होता. दुर्गाबाई मात्र प्रभातमध्ये काम करत असतानाच कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीतही गेल्या. हा मुद्दा निवेदिकेने एका नकाशावर कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि कोलकाता अशा रेघा काढून दाखवला. दोन लहान मुलांच्या आईने त्या काळातील आगगाडीने केलेला तो प्रवास नकाशावर पाहताना सभागृहात कुजबुज झाली. ‘अमर ज्योती’मधील सौदामिनी, म्हणजे अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली समुद्रावरची बंडखोर, आणि आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’मधील खाष्ट सासू यांची छायाचित्रे एकापाठोपाठ एक दाखवली, तेव्हा पाच वर्षांच्या अंतरात तोच चेहरा किती निराळी माणसे होऊ शकतो, हे सांगण्यासाठी वेगळे वाक्य लागले नाही.

कपूर घराण्याचा धागाही असाच हुशारीने विणला आहे. १९३४ च्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम आणि दुर्गाबाई सीता, सव्वीस वर्षांनी ‘मुघल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज अकबर आणि दुर्गाबाई जोधाबाई, आणि १९७३ साली राज कपूर यांच्या ‘बॉबी’मध्ये पृथ्वीराजांचा नातू ऋषी नायक, तर दुर्गाबाई नायिकेची आजी मिसेस ब्रगांझा. जोधाबाईचे छायाचित्र पडद्यावर बराच वेळ स्थिर ठेवले होते. नवरा आणि मुलगा यांच्यात उभी असलेली ती आई, मान ताठ आणि डोळ्यांत भीती. अभिवाचकाने त्या वेळी काहीही वाचले नाही, हे फार बरे केले.

१९७४ च्या ‘बिदाई’साठी मिळालेला फिल्मफेअर पुरस्कार, १९६८ ची पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हा भाग झरझर उरकला, आणि ते योग्यच होते. शेवटी दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची माहिती आली. लघुपट आणि जाहिरातपट करणाऱ्या या त्यांच्याच संस्थेने १९८८ साली दूरदर्शनसाठी ‘वागले की दुनिया’ केली, हे ऐकून मात्र खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कारण आमच्यापैकी बहुतेकांनी ती मालिका घरातल्या सगळ्यांसह पाहिलेली होती आणि तिच्यामागे तारामती आहे, हे कोणाच्याच लक्षात आलेले नव्हते.

आता उणिवा. पहिली आहे ‘पहिली’ या शब्दाची. दुर्गाबाईंनी १९३७ साली ‘साथी’ हा चित्रपट स्वतः निर्माण आणि दिग्दर्शित केला, ही मोठीच गोष्ट आहे. पण पडद्यावर ‘भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शिका’ असे लिहिलेले होते, आणि ते चूक आहे. फातमा बेगम यांनी १९२६ सालीच चित्रपट दिग्दर्शित केला होता. तसेच ‘घरंदाज कुटुंबातील पहिली अभिनेत्री’ हे विशेषण निवेदनात पुन्हा पुन्हा येत राहिले. दुर्गाबाईंच्या पार्श्वभूमीचे महत्त्व सांगायलाच हवे, यात वाद नाही. त्यांच्या येण्याने शिकलेल्या घरांतील मुलींसाठी चित्रपटाचा दरवाजा उघडला, हे खरेच आहे. परंतु १९१३ साली फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले या मायलेकी उभ्या राहिल्या, त्याही पोटासाठीच. एकीचा मान वाढवण्यासाठी दुसरीचे घर खालच्या पायरीवर ठेवावे लागत असेल, तर ते विशेषण काढून टाकणे बरे. निवेदिकेने हे ऐकून घेतले, वहीत लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावरची ती पट्टी (स्लाइड) बदलल्याचा निरोप पाठवला.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि तिच्यासाठीच खरे तर मी लिहायला बसले. दोन तासांच्या कार्यक्रमात रंगभूमीला मिळाली जेमतेम सहा मिनिटे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत दुर्गाबाई वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये नानासाहेब फाटक यांच्यासमोर त्यांनी काम केले, ते १९५४ साली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई केली. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६१ साली दिल्लीतील मराठी नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हे सगळे एका पट्टीवर, चार ओळींत आटोपले.

कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, नाटकांचे दाखवण्यासारखे काही नाही. दोन-तीन पुसट छायाचित्रे आहेत, चित्रफीत नाही, ध्वनिमुद्रण नाही. अडचण खरी आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. चित्रपट आपले आपण टिकतो; ‘मुघल-ए-आझम’ आमचा कोणताही सभासद घरी बसून पाहू शकतो. नाटक पडदा पडताच संपते, म्हणून त्याच्याविषयी सांगणाऱ्या माणसाची गरज अधिक. आणि या संचाकडे तर एक उत्तम अभिवाचक आणि कसलेल्या आवाजाची निवेदिका अशी दोन जिवंत माणसे समोर उभी होती. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा ठपका जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या आनंदीबाईला रंगमंचावर माणूस म्हणून उभे करणे किती कठीण असेल, हे खाडिलकरांचा एखादा प्रवेश वाचून दाखवला असता तर दहा मिनिटांत समजले असते. ज्या गावात गडकरी रंगायतनच्या तिकीटखिडकीपाशी सकाळी सकाळी रांगा लावून माणसे मोठी झाली, तेथील प्रेक्षकांना पडद्यावर चित्र नाही म्हणून कंटाळा येईल, ही भीती अनाठायी आहे.

याचा पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. प्रश्नोत्तरांच्या वेळी गिरगावात बालपण गेलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासद आजी उभ्या राहिल्या. शाळकरी वयात वडिलांबरोबर त्यांनी दुर्गाबाईंना नाटकात पाहिले होते. नाटकाचे नाव त्यांना आठवत नव्हते. त्यांनी माईक घेतला नाही. त्या म्हणाल्या, “आम्ही अगदी मागे बसलो होतो. बाई रागावल्या की आवाज चढवायच्या नाहीत, उलट खाली आणायच्या, आणि तरी आम्हाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. घरी येताना वडील एवढंच म्हणाले, ही सिनेमातली नाही वाटत.” हे सांगताना त्यांनी स्वतःचाही आवाज खाली आणला होता आणि शंभर माणसांना तो ऐकू गेला. दोन तासांपूर्वी पंखे बंद करून ऐकलेला बुजरा आवाज वीस-बावीस वर्षांत कोठवर पोहोचला, ते त्या चार वाक्यांत आले. संचाच्या संहितेत नेमकी हीच जागा रिकामी आहे.

किरकोळ बाबींत, मध्यंतर दहा मिनिटांचे सांगून पंचवीस मिनिटांचे झाले, पण तो दोष चहाचा, म्हणजे आमचा. निवेदिकेची भाषा स्वच्छ आणि मराठी आहे. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार मोठा आहे. पट्ट्यांवर शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्याही कळवल्या. पावती जागेवरच मिळाली.

बोलावणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. सभागृहाचे पंखे आणि वातानुकूलन यंत्र स्वतंत्र कळीने बंद करता येतात का ते पाहावे, कारण जुन्या ध्वनिमुद्रणाचा सगळा आनंद त्यावर अवलंबून आहे. आणि रंगभूमीच्या भागासाठी किमान वीस मिनिटे मिळतील, हे संचाकडून कबूल करून घ्यावे, मग त्यासाठी चित्रपटांच्या पट्ट्या कमी झाल्या तरी चालतील.

आम्ही त्यांना दिवाळीनंतर पुन्हा बोलावले आहे. मानधन तेच, पण या वेळी ‘भाऊबंदकी’तील एक प्रवेश दोघांनी वाचायचा, अशी अट घातली आणि ती त्यांनी मान्य केली. मागच्या आठवड्यात निवेदिकेचा फोन आला. आनंदीबाईची वाक्ये बसून वाचावीत की उभे राहून, असे त्या विचारत होत्या. मी त्यांना गिरगावच्या आजींचा दूरध्वनी क्रमांक दिला.