मॉरिशसच्या मॅनेजमेंट कंपनीचा अनुभव, वर्ष होत आल्यावर

खूप जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. फर्मचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्यांच्याशी काम चालू आहे. एबेनच्या सायबरसिटीतली मधल्या साइजची फर्म, एवढं पुरे.

आधी आमचं काय ते सांगतो. कोल्हापुरात पंपांचा धंदा, मोझांबिकमधल्या एका कंपनीत भाग घ्यायचा होता, तो मॉरिशसच्या कंपनीतून घ्यायचं ठरलं. तिथलं ग्लोबल बिझनेस लायसन्स (मुख्यतः मॉरिशसबाहेर धंदा करणाऱ्या कंपनीला लागतं ते) थेट आपण जाऊन मागता येत नाही, एफएससीचं, म्हणजे तिथल्या वित्तीय सेवांच्या नियामकाचं, लायसन्स असलेल्या मॅनेजमेंट कंपनीमार्फतच अर्ज करावा लागतो. म्हणजे ही मंडळी नुसते एजंट नाहीत, तुमची कंपनी रोज तेच चालवतात. दोन स्थानिक डायरेक्टर, रजिस्टर्ड ऑफिस, हिशोबाची कागदपत्रं, ऑडिट, मुख्य बँक खातं, सगळं तिथंच लागतं.

ही फर्म का निवडली? बाकीच्यांनी पहिल्याच कॉलवर "तीन टक्के टॅक्स सर" चालू केलं. यांच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की दर १५ टक्केच आहे, ८० टक्के सूट मिळून तीन होतो तो फक्त ठराविक उत्पन्नावर, म्हणजे परदेशातला डिव्हिडंड, व्याज वगैरे, आणि त्यालाही अटी आहेत, तुमचं उत्पन्न नक्की कुठलं ते आधी लिहून पाठवा. तिथंच पार्टनर म्हणाला, हेच घेऊया.

मग केवायसी. बाप रे. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र इथपर्यंत ठीक, पण पैसा आला कुठून हे विचारताना वडिलांनी जमीन विकलेली तिचा दस्त पण मागितला, तो मराठीत, म्हणून भाषांतर करून सर्टिफाय करून परत पाठवा. तेव्हा डोकं फिरलं होतं. नंतर कळलं की मॉरिशस फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ एफएटीएफच्या (मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जास्त देखरेखीखालच्या देशांच्या यादीत होतं, तेव्हापासून हे लोक ताकसुद्धा फुंकून पितात. पण एकच कागद तीन वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळा मागायचा याला काय अर्थ आहे? हे अजूनही सुधारलेलं नाही.

लायसन्स सांगितलेल्या वेळेत आलं. बँक खात्याने मात्र रडवलं. यात फर्मचा दोष अर्धाच, बँका तिथं स्वतःची वेगळी चौकशी करतात, पण "फॉलोअप चालू आहे" यापलीकडे आठवडेच्या आठवडे काही ऐकायला मिळत नव्हतं. त्यात २०२५ ला आपल्याकडे गणपती २७ ऑगस्टला बसले आणि तिथं सार्वजनिक सुट्टी २८ ला, म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही नाही आणि दुसऱ्या दिवशी ते नाहीत. चिडणार कसं, तिथल्या मराठी लोकांचाच तो सण, अकाउंट्समधल्या एका बाईंनी दुसऱ्या दिवशी घरच्या मूर्तीचा फोटो पाठवला! एरवी वेळेचा काही त्रास नाही, ते आपल्यापेक्षा दीडच तास मागे.

आता खरी गोष्ट, डायरेक्टर. मला वाटलेलं सह्या करणारी माणसं असतील. पहिल्याच बोर्ड मीटिंगला त्यातल्या एकांनी मोझांबिकच्या कंपनीचं व्हॅल्युएशन कुणी केलं, कर्ज किती, डिव्हिडंड बाहेर काढताना तिथं किती कर कापतात, असं सगळं विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत ठराव पुढे ढकलला. पार्टनर वैतागला, आपल्याच पैशाला हे कोण अडवणार म्हणून. मला उलट बरं वाटलं. निर्णय खरोखर मॉरिशसमध्ये होतात हे उद्या कुठल्या टॅक्सवाल्याला दाखवायचं असेल तर अशा मीटिंगचे मिनिट्सच (लेखी इतिवृत्त) कामाला येणार. फी बघायची तर या माणसांची बघा, पॅकेजची नको.

आणखी एक काम त्यांनी भारी केलं. आम्ही वर्षअखेर जून धरणार होतो. तिथं ऑडिट झालेले हिशोब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत द्यायचे, आणि इकडे परदेशी गुंतवणुकीचा एपीआर (भारतात दरवर्षी द्यायचा अहवाल) ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे दोन्ही एकाच दिवसावर आदळलं असतं. त्यांनीच मार्च ठेवायला सुचवलं. आमच्या सीएंना हे सुचलं नव्हतं, असो.

बिलिंग मात्र वाईट. वार्षिक फी ठरलेली, पण त्यावर टाइम कॉस्ट (कामाला लागलेल्या वेळेचे पैसे), कुरिअर, प्रत्येक सर्टिफाइड कॉपी वेगळी. एका साध्या ईमेलचा पण चार्ज लावलेला, भांडून काढायला लावला. आता मी प्रत्येक कामाआधी कोट लेखी मागतो आणि ते देतात, कुरकुर न करता.

मॉरिशसमार्गे भारतातच पैसा फिरवून आणायचा म्हणून कुणी विचारत असेल तर सोडून द्या, भारत-मॉरिशस कर करारातल्या २०१६ च्या बदलानंतर, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारतात कर लागतोच. आफ्रिकेत खरोखर धंदा असेल तर मेसेज करा, त्या बाईंचा रेफरन्स देतो.