खळ्यात कोणता सिनेमा लावायचा: ‘फॉल’ की ‘गोंजियाम’?

श्रीवर्धनला आमच्या वाडीत गणपतीला चाकरमानी आले की एका रात्री भजन लवकर आटोपतं, खळ्यात पांढरी चादर ताणली जाते आणि प्रोजेक्टरवर सिनेमा लागतो. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे असतं. या वेळी मला रील करणाऱ्या पोरांसाठीच काहीतरी लावायचं आहे. तुमच्याही वाडीत अशी पोरं असतील, म्हणून हे लिहितोय.

त्याला कारण घडलंय. आमचा गणपती अकरा दिवसांचा. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी माझा भाचा खडपावर, म्हणजे समुद्राकाठच्या खडकांवर, रील करायला गेला. पुनवेजवळची भरती भर दुपारी येते आणि जोरात येते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यालाही होतं. पण तोंड फोनकडे आणि पाठ समुद्राकडे. एका लाटेने त्याला आडवा केला. कालवांच्या धारेने पोटरी गुडघ्यापर्यंत सोलून निघाली. पडवीत बसवून मी हळद दाबत होतो तेव्हा त्याने मित्राला पहिला प्रश्न विचारला, ‘‘आलं का शूट?’’

तेव्हापासून प्रसिद्धीच्या नादात जिवावर बेतणारे सिनेमे शोधून पाहिले. त्यातले दोन खरोखर विचार करण्यासारखे वाटले.

पहिला ‘फॉल’, २०२२ चा, स्कॉट मान दिग्दर्शित. बेकी आणि हंटर या दोन मैत्रिणी वाळवंटात उभ्या असलेल्या २,००० फूट उंच, वापरात नसलेल्या टीव्ही टॉवरवर चढतात. बेकीचा नवरा वर्षभरापूर्वी कडा चढताना पडून गेलेला आहे, आणि हंटर साहसाचे व्हिडिओ टाकून नाव कमावणारी. उतरताना शिडी तुटते. वर एवढीशी फळी, पाण्याची पिशवी खाली अडकलेली आणि फोनला रेंज नाही. भूत नाही, खुनी नाही, एक चुकीचा निर्णय आणि त्याचे पुढचे तास, एवढंच.

दुसरा ‘गोंजियाम: हॉन्टेड असायलम’, २०१८ चा, जंग बम-शिक यांचा कोरियन सिनेमा. भुताटकीचं चॅनेल चालवणारी तरुण पोरं बंद पडलेल्या मनोरुग्णालयात रात्री थेट प्रक्षेपण करायला जातात. ध्येय दहा लाख प्रेक्षक, म्हणजे जाहिरातीचा मोठा पैसा. म्होरक्या बाहेर तंबूत पडद्यासमोर बसून आकडा बघतो, बाकीचे आत. आतली काही भीती त्यांनीच आधी रचून ठेवलेली असते. पुढचं सांगत नाही.

भीतीच्या दर्जात ‘गोंजियाम’ पुढे आहे, यात मला शंका नाही. सुरुवातीचा अर्धा तास रेंगाळतो, पण नंतर श्वास सोडायला जागा मिळत नाही. पोरांच्या अंगावरच कॅमेरे बांधलेले आहेत, एक समोर बघणारा आणि एक त्यांच्याच तोंडाकडे वळलेला. बरंचसं चित्रण नटांनी स्वतःच केलंय. त्यामुळे पडदाभर एक घाबरलेला चेहरा दिसतो आणि त्याच्या खांद्यामागे काळोख. मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. माझ्या भाच्याच्या फोनमधला तो व्हिडिओ अगदी असाच आहे: हसरा चेहरा आणि मागून उचलत येणारं पाणी. सेल्फीमधला धोका इतक्या नेमकेपणाने दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

तरीही वाडीसाठी मी ‘फॉल’ लावणार आहे.

भूत आलं की पोरं सुटतात. आम्ही देवचार, गिऱ्हा, मुंजा ऐकत वाढलेली माणसं. ‘गोंजियाम’ संपल्यावर बोलणं कुठे जाईल हे मला आत्ताच दिसतंय: अमक्याच्या आजोबांना पाणवठ्यावर काय दिसलं, तमक्या वडाखालून रात्री का जाऊ नये. रात्र रंगेल, पण खडप बाजूला राहील. आमच्या खडपावर भूत नाही. तिथे भरती आहे, शेवाळ आहे, कालवं आहेत. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, तरी लाटेने माणसं ओढून नेलीच आहेत. त्यांना कुणी झपाटलं नव्हतं.

‘फॉल’मध्ये दोष ढकलायला कुणी नाही. दोघी चढत असताना कॅमेरा गंजलेल्या शिडीच्या बोल्टवर जातो. तो हलतो, सैल होतो. आपण बघतो, त्या वर बघत असतात. माथ्यावर पोचल्यावर फोटोसाठी एका हाताने फळीला लोंबकळतात. शिडी तेव्हा शाबूत असते, गुपचूप उतरता आलं असतं. मला पोरांना नेमका तो क्षण दाखवायचा आहे. तिथे सिनेमा थांबवून कुणाला काही सांगायची गरज नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं.

दोष ‘फॉल’मध्येही आहेत. नवऱ्याच्या प्रकरणाचा पेच ओढून आणल्यासारखा वाटतो. पण टॉवर खरा वाटतो, कारण मोहावीच्या वाळवंटात डोंगरमाथ्यावर वरचा भाग प्रत्यक्ष उभारून चित्रण केलंय. चादर वाऱ्याने हलली तर पोटात आणखी गोळा येईल.

घरची माणसं बरोबर बसणार असतील तर अजून एक गोष्ट ‘फॉल’च्या बाजूने जाते. मूळ चित्रणात खूप शिव्या होत्या. लहान वयाच्या प्रेक्षकांनाही पाहता यावा म्हणून तीसहून जास्त शिव्या संगणकाने नटींच्या ओठांची हालचाल बदलून काढून टाकल्या. ‘गोंजियाम’ मात्र लहान पोरं झोपल्यावरच. शिवाय तो कोरियन, खाली अक्षरं वाचत बसावं लागतं. माझ्या आईसारख्यांना चष्मा लावूनही ते जमत नाही.

‘डेडस्ट्रीम’ हा तिसराही विचारात होता, बदनाम झालेला एक पोरगा प्रेक्षक परत मिळवायला भुताच्या घरात एकटाच रात्र काढतो तो. मजेदार आहे, पण त्यात हसूच जास्त. मला या वर्षी हसवायचं नाही.

‘गोंजियाम’ मी सोडून देणार नाही. तो एका माणसासाठी ठेवलाय: भाच्याचा तो मित्र, ज्याच्या हातात फोन होता. लाट त्याला आधी दिसली होती, तसं त्याने मला नंतर कबूल केलं. आकडा चढतोय म्हणून आतल्यांना बाहेर न बोलावणारा तंबूतला म्होरक्या त्याने बघावा असं मला वाटतं. ९४ मिनिटांचा आहे. विसर्जन झालं की पडवीत लॅपटॉपवर लावेन, आम्ही दोघंच बसू.